कागदावरचा चौदावा थांबा

१

आमच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. त्यातले निदान दीड-दोन महिने मी दाराशी बूट घालून उभा राहण्यात घालवले आहेत. हे उगाच बोलत नाही, मी गणित मांडून पाहिलेलं आहे. मी बूट घालतो, किल्ली हातात घेतो, आतून आवाज येतो, "दोनच मिनिटं!" आणि मग आत कपाटाची दारं उघडू-मिटू लागतात.

बाहेर पडल्यावरही सुटका नाही. बायकोच्या डाव्या सँडलचा पट्टा सैल आहे, चालताना चट-चट वाजतो, आणि तो बदलून घ्यायला तिला गेल्या तीन वर्षांत वेळ झालेला नाही. बसथांब्यावर रांग असली की ती मागच्या प्रत्येकाला पुढे करते. हिचे पाय दुखतात, त्याच्या कडेवर मूल आहे, या आजोबांच्या हातात सामान आहे. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." असं करत करत ती शेवटी उरते आणि गाडी सुटायला लागते. तेव्हा माझं काम सुरू होतं. मी पायरीवर एक पाय ठेवतो, दुसरा रस्त्यावर, आणि चालकाच्या शिव्या हसतमुखाने ऐकत गाडी थांबवून धरतो. मग ती धावत येते, आत चढते आणि सगळ्या गाडीकडे बघून अशी हसते की चालकसुद्धा विरघळतो.

गंमत अशी की मी आयुष्यभर बसगाड्यांची वेळापत्रकं आखण्याची नोकरी केली. माझा हाताखालचा माणूस, ज्याला आम्ही सगळे पट्टी म्हणायचो कारण त्याच्या हातात सदैव लाकडी पट्टी असे, तो एकदा म्हणाला होता, "साहेब, तुमच्या घरचं वेळापत्रक कोण आखतं?" मी त्याला दोन दिवस जादा काम दिलं.

निवृत्त झाल्यावर बायकोने एकच गोष्ट मागितली. राष्ट्रीय उद्यान बघायचं, आणि तेही मी आखलेल्या गाडीनेच. बावीस वर्षं मी उद्यानाच्या सत्तावीस नंबरच्या गाडीचं वेळापत्रक करत होतो आणि स्वतः एकदाही तिथे गेलो नव्हतो. मला लाजच वाटली. म्हटलं, येत्या शनिवारी जाऊ.

२

इथे मला एक कबुली द्यायला हवी.

सत्तावीस नंबरची गाडी फक्त शनिवार-रविवारी असते आणि रेल्वे स्टेशनवरून निघते. शहरातले आणि गावाबाहेरचे तेरा थांबे घेते, मग डोंगराचा चढ चढते आणि उद्यानाच्या फाटकाशी थांबते. जुन्या गाड्या या चढावर तापायच्या. चालक म्हणायचे, अर्ध्या चढावर चार मिनिटं द्या, इंजिनही निवेल आणि आम्हीही चहाचा घोट घेऊ. मागणी रास्त होती. पण आमच्या नियमात गाडी फक्त थांब्यावर थांबू शकते, आणि त्या चढावर थांबा नव्हता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरीची भिंत.

मग मी कागदावर एक थांबा काढला. क्रमांक चौदा, थांबण्याची वेळ चार मिनिटं.

अडचण एवढीच होती की कोष्टकात प्रत्येक थांब्यापुढे दोन रकाने भरावे लागत. सरासरी किती उतरतात आणि किती चढतात. दोन्हींत शून्य लिहिलं तर थांबा रद्द होतो. दोन्हींची बेरीज दोनाच्या वर गेली तर मोजणीला माणूस पाठवावा लागतो, आणि मग माझं बिंग फुटलं असतं. म्हणून मी लिहिलं, उतरणारा एक, चढणारा एक. चालकांनी मला पेढे दिले आणि बावीस वर्षं त्या चढावर सुखाने चहा प्यायले.

मी निवृत्त झाल्यावर, चार महिन्यांपूर्वी, विजेवरच्या नव्या गाड्या आल्या. त्या तापत नाहीत. पण पट्टीने जुनी सगळी कोष्टकं जशीच्या तशी संगणकात भरली, आणि नवी गाडी संगणक सांगेल तिथे थांबते. हे मला माहीत होतं. त्यावर मी कधी विचार केला नव्हता, इतकंच.

३

शनिवारी सकाळी आम्ही ठरल्यापेक्षा सोळा मिनिटं उशिरा निघालो. मी बायकोला निघण्याची वेळ वीस मिनिटं आधीची सांगितली होती, त्यामुळे रेल्वे मिळाली. हा माझा जुना डाव आहे आणि तिला तो ठाऊक आहे, पण दोघंही त्याबद्दल बोलत नाही.

स्टेशनबाहेर सत्तावीस नंबर उभी होती. नवी कोरी, पांढरी, आत थंडगार. चालक एक जाडजूड बाई होत्या, गळ्यात मफलर. मी त्यांना ऐटीत सांगितलं की या मार्गाचं वेळापत्रक माझ्या हातचं आहे. त्यांनी मान डोलावली आणि तिकिटाच्या यंत्राकडे बोट दाखवलं.

बायकोने मोहरीच्या रंगाचा स्वेटर घातला होता आणि पिशवीत उकडलेली अंडी, ब्रेड आणि थर्मास होता. तिसऱ्या थांब्यावर एक वयस्क बाई चढल्या. हातात लाल छत्री, ओठांवर गुणगुणणं. बायकोने लगेच त्यांना शेजारी बसवलं आणि मला मागच्या बाकावर हाकललं. पाच मिनिटांत दोघी बालमैत्रिणी असाव्यात तशा गप्पा मारू लागल्या. छत्रीवाल्या बाई आपल्या बहिणीच्या मांजरीची गोष्ट सांगत होत्या. मांजर घराच्या कौलांवर चढली होती आणि खाली यायला तयार नव्हती, मग बहिणीचा नवरा शिडी लावून वर चढला, तर तोही खाली यायला तयार होईना. बायको पोट धरून हसत होती. मागे बसून मीही हसत होतो.

चढ लागला. कडा जवळ आला, दरीच्या भिंतीपलीकडे झाडांचे शेंडे दिसू लागले. आणि छतातून तो रेकॉर्ड केलेला गोड आवाज म्हणाला, "पुढील थांबा, चौदा."

मला हसू आलं. बावीस वर्षांनी माझा थांबा कुणीतरी मोठ्याने म्हणत होतं. मी मनात म्हटलं, आता गाडी उगाचच रस्त्यात उभी राहणार आणि लोक वैतागणार.

गाडी थांबली. जिथे दरीची भिंत असायला हवी होती तिथे, थोडी सपाट जागा होती. पत्र्याचं हिरवं छप्पर, खाली सिमेंटचा बाक, खांबावर पाटी. पाटीवर हाताने रंगवलेला चौदा. त्यातला चार मी काढतो तसा होता, शेपटीला खाली हुकासारखं छोटंसं वळण असलेला. माझी चारची ही खोड शाळेपासूनची आहे आणि गुरुजींनी त्यासाठी माझे कान पिळले होते.

छत्रीवाल्या बाई उठल्या. "मी जरा पाय मोकळे करून येते," त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला सांगते त्याला खाली कसं आणलं ते." आणि गुणगुणत खाली उतरल्या.

४

मी मनाची समजूत घातली. मी काही या रस्त्याने याआधी आलो नव्हतो. कदाचित भिंतीला खाच असेल. कदाचित नव्या गाड्यांबरोबर बांधकाम खात्याने कोष्टक वाचून खरोखरच थांबा बांधला असेल. सरकारी खात्यात याहून विचित्र गोष्टी मी पाहिल्या आहेत. आणि पाटी रंगवणाऱ्याने कोष्टकातलाच आकडा गिरवला असेल. सगळं जुळत होतं. मी थर्मासमधला चहा ओतून घेतला.

चार मिनिटं. माझं घड्याळ मी कधी पुढे-मागे होऊ देत नाही. तीन मिनिटं पन्नास सेकंदांनी छत्रीवाल्या बाई छपराच्या मागून आल्या, वर चढल्या आणि आपल्या जागी बसल्या. दार मिटलं.

"हं, मग?" बायको म्हणाली. "कसं उतरवलं त्याला?"

बाईंनी छत्री मांडीवर सरळ ठेवली. "सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या.

"आणि मांजर?"

"मांजर ठीक आहे."

बस, एवढंच. त्यानंतर त्या समोर बघत राहिल्या, अगदी नीट, अगदी स्वस्थ. बायकोने दोनदा विषय काढला, मग ती मागे वळून माझ्याकडे बघू लागली. तिच्या डोळ्यांत मी काही वावगं बोलले का, असा प्रश्न होता. मी खुणेनेच सांगितलं की म्हाताऱ्या माणसांना चढावर मळमळतं.

पण गुणगुणणं थांबलं होतं. तिसऱ्या थांब्यापासून चाललेलं ते गुणगुणणं थांबल्यावर गाडीतला विजेचा बारीक आवाज ऐकू येऊ लागला, आणि तो फाटकापर्यंत ऐकू येत राहिला.

५

उद्यान मात्र सुरेख होतं, ते मी मान्य करायलाच हवं. उंच झाडं, ओल्या मातीचा वास, लाकडी पुलाखालून पळणारा ओढा. बायकोला प्रत्येक पाटी वाचायची होती. एका पाटीवर लिहिलं होतं की या भागातलं हरीण माणसाला घाबरत नाही. आम्ही अर्धा तास बसून अंडी खाल्ली, तेव्हा एक हरीण आलं, आमच्याकडे बघितलं आणि ब्रेडची पिशवी घेऊन गेलं. बायको इतकी हसली की तिला उचकी लागली.

टेकडीवर दुर्बीण लावली होती, दरीपलीकडचा धबधबा बघायला. रांग होती. पुढचं सांगायलाच नको. शाळेची सहल आली, ती पुढे गेली. दोन जोडपी आली, ती पुढे गेली. एका गृहस्थांना गाडी पकडायची होती, ते पुढे गेले. आमची पाळी आली तेव्हा धबधब्यावर ढग बसला होता आणि तीनची परतीची गाडी निघून गेली होती.

"आपण पण गाडीच पकडणार होतो," मी म्हटलं.

"अहो, पाच वीसची आहे ना अजून." तिने माझा दंड धरला. "आणि तुम्ही आहात ना थांबवून धरायला."

फाटकाशी वनरक्षकाची चौकी होती. वेळ होता म्हणून मी त्याला सहज विचारलं, खाली चढावर तो नवा थांबा कधी बांधला. तो हसला. त्याने मला भिंतीवरचा नकाशा दाखवला. त्या चढावर थांबा नाही, बांधायला जागाच नाही, भिंत आणि खाली सरळ दरी. तो स्वतः रोज सायकलने तिथून येतो. मी म्हटलं, सकाळी आमची गाडी तिथे थांबली होती, एक बाई उतरून परत चढल्या. तो पुन्हा हसला, पण या वेळी जरा कमी, आणि म्हणाला की विजेच्या गाडीत कधी कधी लोकांना झोप लागते.

तेव्हा पहिल्यांदा मला कोष्टक आठवलं. उतरणारा एक, चढणारा एक. मी काही घाबरट माणूस नाही. पण मी ठरवलं की परतीच्या वाटेवर बायकोला खिडकीशी बसवायचं, स्वतः कडेला बसायचं आणि पिशवी मधे ठेवायची.

६

पाच वीसची शेवटची गाडी. तीच मफलरवाली चालक, दहा-बारा माणसं. सगळ्यात पुढच्या बाकावर छत्रीवाल्या बाई, छत्री मांडीवर सरळ. सकाळपासून त्या तशाच बसल्या असाव्यात असं वाटावं, इतक्या नीट.

"पुढील थांबा, चौदा," आवाज म्हणाला.

मी उठलो. आता वाटतं, उठलो नसतो तर बरं झालं असतं. मी पुढे जाऊन चालकबाईंना सांगितलं की हा थांबा खोटा आहे, मीच तो काढलाय, कृपा करून गाडी न थांबवता पुढे घ्या. त्यांनी समोरच्या पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर माझंच कोष्टक होतं. "मी काय करू, साहेब?" त्या म्हणाल्या. "कागदावर आहे म्हटल्यावर थांबायलाच लागतं."

गाडी थांबली. दोन्ही दारं उघडली. कुणीच उठलं नाही. माझा जीव भांड्यात पडला, एक क्षणभर.

मग मागून बायकोचा आवाज आला. "अहो, बघा ना, त्या बाई बाहेरच राहिल्यात! बाकावर बसल्यात बघा, छत्री दिसतेय. शेवटची गाडी आहे ही, त्यांना माहीत नसेल. दोनच मिनिटं, सांगून येते."

मी वळलो. मागच्या दाराची पायरी, चट, चट, मोहरीचा स्वेटर छपराकडे चाललेला. खिडकीतून बाकाचं टोक दिसत होतं आणि त्या टोकाशी लाल छत्री.

मी पुन्हा पुढच्या बाकाकडे बघितलं. छत्रीवाल्या बाई तिथेच होत्या. समोर बघत होत्या. मांडीवर लाल छत्री.

मी मागच्या दाराशी धावलो आणि एक्केचाळीस वर्षांच्या सवयीने जे करतो तेच केलं. एक पाय पायरीवर, एक खाली. तिला हाक मारली. ती छपराच्या पलीकडे वळली होती. तिथून मला पहिल्यांदा त्या बाकाची मागची बाजू दिसली. गाडीतून बाक चार माणसांचा वाटत होता. तो तेवढा नव्हता. तो वळणापर्यंत गेला होता, आणि त्यावर माणसं बसली होती, आमच्याकडे पाठ करून. टोप्या, पिशव्या, कोपरं, एखादी पाण्याची बाटली. शेवटच्या गाडीची वाट बघणारी माणसं बसतात तशी, थोडी कंटाळलेली, एकमेकांशी हळू बोलणारी. माझी बायको वाकून कुणाशी तरी बोलत होती.

मी घड्याळ बघितलं. तीन मिनिटं. साडेतीन. मी दुसरा पाय उचलला नाही. उचलावा असं वाटलं, पण गाडी सुटली तर ती कशी येणार, हाच एक विचार डोक्यात होता.

तीन मिनिटं पन्नास सेकंदांनी ती छपरामागून आली. चालत आली. स्वेटर तोच, पिशवी तीच. मी हात पुढे केला, तिने तो धरला आणि वर चढली. मला इतका आनंद झाला की मी सगळ्या गाडीसमोर तिला जवळ घेतलं. ती जागेवर बसली, पिशवी मांडीवर ठेवली. दार मिटलं.

गाडी दोन वळणं उतरली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती वेळेवर आली होती. आणि येताना सँडल वाजली नव्हती.

७

"सांगितलंस का त्या बाईंना?" मी विचारलं.

"सांगितलं," ती म्हणाली. "सगळं ठीक आहे."

रविवारी सकाळी बाजारात जायचं होतं. मी बूट घालायला गेलो तर ती दाराशी उभी होती, सँडल घालून, किल्ली हातात घेऊन. मी थट्टेने म्हटलं, सूर्य कुठून उगवला आज. ती हसली. छान हसली. पण निघूया म्हणाली.

मी स्वतःला समजावत होतो. वय वाढलं की माणूस बदलतं. शेवटची गाडी चुकता चुकता राहिली, त्याचा धसका घेतला असेल. सँडलचा पट्टा तिने उद्यानातच ओढून बांधला असेल. हे सगळं अगदी पटण्यासारखं होतं, आणि मी ते स्वतःला दर अर्ध्या तासाने पटवत होतो.

सोमवारी पावाच्या दुकानात रांग होती. मागे एक बाई मुलाला कडेवर घेऊन उभी होती. माझी बायको आपल्या जागी उभी राहिली, आपली पाळी आली तेव्हा पाव घेतला आणि निघाली. मुलाकडे तिने बघितलंही नाही. यात गैर काही नाही. सगळं जग असंच वागतं.

मंगळवारी मुलीचा फोन आला. आईने तिला ठरल्या वेळेला, सहाच्या ठोक्याला फोन केला होता आणि दहा मिनिटांत ठेवला होता. मुलगी खूश होती. "बाबा, आईला काय झालंय? सुधारली की," ती म्हणाली. मीही हसलो. फोन ठेवल्यावर न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि बराच वेळ तिथे बसलो.

ती वाईट नाही, हे मला सांगायला हवं. चहा चांगला करते. घर लख्ख आहे. कपाटाची दारं वाजत नाहीत. पण मला माझी बायको हवी होती, ती सैल पट्ट्याची, गाडी चुकवणारी. ती त्या बाकावर बसली होती आणि मी तिला सोडून आलो होतो.

८

बुधवारी मी जुन्या कचेरीत गेलो. पट्टी आता माझ्या खुर्चीवर बसतो, पण मला बघून उठला. मी त्याला सत्तावीस नंबरचं कोष्टक काढायला सांगितलं.

रात्रभर मी सगळे पर्याय तपासले होते. सोपा मार्ग म्हणजे शनिवारी जाऊन आपणच उतरायचं. पण मग माझ्यासारखाच कुणीतरी वर चढला असता, घरी जाऊन तिच्याबरोबर वेळेवर जेवला असता, आणि मी तिच्या शेजारी बाकावर बसलो असतो. ते मला तेवढं वाईट वाटलं नाही, खरं सांगतो. पण मग गाडी कोण थांबवणार? थांबाच रद्द करावा तर तिची परतीची वाटच बंद. उरलं होतं फक्त कोष्टक.

"थांबा चौदा," मी म्हटलं. "उतरणारे शून्य कर. चढणारे दोन."

"उतरत कुणी नाही आणि चढतात दोन?" पट्टीने डोळे बारीक केले. "साहेब, असा थांबा असतो का?"

"बेरीज दोनच आहे. मोजणी लागत नाही. आणि वेळ चारची पंधरा मिनिटं कर."

"पंधरा? लोक मला खातील. एवढा वेळ कुणाला लागतो?"

"आहे एक प्रवासी," मी म्हटलं. पट्टी माझ्याबरोबर अठरा वर्षं होता. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, पट्टी कागदावर ठेवली, जुना आकडा खोडला आणि नवा संगणकात भरला.

शनिवारी मी एकटाच गेलो. जाताना थांब्यावर दोन अनोळखी पुरुष चढले आणि आपण इथे का आलो होतो याचा विचार करत बसले. मी उद्यानात उतरलोच नाही, त्याच गाडीने परत फिरलो. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. "पुढील थांबा, चौदा."

मी मागच्या दाराशी गेलो. एक पाय पायरीवर, एक खाली. पाच मिनिटं झाली, लोक घड्याळं बघू लागले. नऊ झाली, चालकबाई पुटपुटू लागल्या. मी सगळ्यांकडे बघून हसत होतो. बाकावरची माणसं उठून उभी राहिली होती, सगळीच्या सगळी, रांगेत. बाराव्या मिनिटाला एक तरुण धापा टाकत आला आणि आभार मानत वर चढला. त्याच्या मागून गुणगुणण्याचा आवाज आला, आणि लाल छत्री टेकत त्या बाई आल्या. मी त्यांना हात दिला.

"बाई गं, गाडी चुकते की काय वाटलं," त्या म्हणाल्या. "माझी पाळी खरं तर खूप मागे होती. पण मागे एक बाई आहेत, मोहरीचा स्वेटर घातलेल्या. यांचे पाय दुखतात, यांना आधी जाऊ द्या म्हणाल्या. सगळ्यांनाच पुढे पाठवतायत त्या. मी म्हटलं, तुम्ही पण चला की. तर म्हणतात, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच. आमचे हे गाडी थांबवून धरतात."

दार मिटायला लागलं तेव्हा मी पाय काढला. बाईंनी मला शेजारी बसवून घेतलं आणि त्या माणसाला कौलांवरून खाली कसं आणलं ते सांगितलं. मी हसलो, खूप हसलो, आणि डोळे पुसायला रुमाल काढला. पुढे घरी गेल्यावर त्यांच्या दाराशी कोण उभं असेल, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

घरी पोहोचलो तेव्हा माझ्या दाराशी ती उभी होती. तिने आधी घड्याळ बघितलं, मग मला.

"दोघं चढली?" तिने विचारलं.

मी उंबऱ्यातच थांबलो. कुठे जातो, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

"दर फेरीला दोघं," ती शांतपणे म्हणाली. "शनिवार-रविवार, जाता-येता मिळून बारा फेऱ्या. बाकावर दोनशेच्या वर माणसं. ती शेवटी येणार. म्हणजे नऊ आठवडे." तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि दारातून बाजूला झाली. "तोवर मी आहे. जेवून घ्या, वाढलंय."

भाजी गरम होती, मीठ बरोबर होतं. ती समोर बसली होती, हात मांडीवर ठेवून. तिचा हिशोब अचूक होता, मी तो मनातल्या मनात दोनदा तपासला. फक्त तो जिचा मांडला होता तिला ती ओळखत नव्हती.

मी दहा धरले आहेत.